मॅडम, मॅम, मिस की मिझ? इंग्रजीत स्त्रीला आदरानं काय म्हणायचं

जून २००९ मधली गोष्ट. अमेरिकेच्या सिनेटच्या एका समितीपुढे सुनावणी चालू होती. अध्यक्षस्थानी कॅलिफोर्नियाच्या सिनेटर बार्बरा बॉक्सर, समोर लष्कराच्या अभियंता दलातले ब्रिगेडियर जनरल मायकेल वॉल्श. उत्तर देता देता जनरलसाहेब त्यांना ‘मॅम’ म्हणाले. बॉक्सरबाईंनी त्यांना मध्येच थांबवलं. मॅमऐवजी सिनेटर म्हणाल का, हे पद मिळवायला मी फार कष्ट घेतले आहेत, असं त्या म्हणाल्या. ‘येस, सिनेटर’ म्हणून जनरल पुढे बोलू लागले. सुनावणीचा विषय रुक्ष होता, तो आता फारसा कुणाला आठवत नाही. हे काही सेकंद मात्र जगभर पाहिले गेले आणि त्यावरून बराच धुरळा उडाला.

गंमत म्हणजे दोघांचंही म्हणणं रास्त होतं. लष्करात वरिष्ठ पुरुषाला सर आणि वरिष्ठ स्त्रीला मॅम म्हणायचं, हा शिस्तीचाच भाग आहे. जनरलनं त्याच्या परीनं मानच दिला होता. बॉक्सरबाईंचं म्हणणं असं, की निवडून येऊन मिळवलेलं पद असताना कुठल्याही बाईला लावता येईल असा शब्द मला का? जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांची जर ही गत, तर शाळेत इंग्रजी शिकलेला माणूस मेलमध्ये ‘डिअर’ एवढंच टाइप करून थबकला, तर त्यात नवल ते काय?

हा गोंधळ का होतो हे एकदा समजलं की शब्द निवडणं बरंच सोपं जातं.

अडचण इंग्रजीतच एवढी का?

मराठीत आपण ‘बसा’ म्हणतो, तिथेच आदर देऊन मोकळे होतो. तू, तुम्ही, आपण आणि त्यांच्याबरोबर बदलणारं क्रियापद हे काम परस्पर उरकतात. समोरच्या बाईंचं नाव, पद, काही ठाऊक नसलं तरी वाक्य अदबशीर होऊ शकतं.

इंग्रजीत पूर्वी ‘दाउ’ आणि ‘यू’ असा भेद होता. सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत प्रमाण बोलीतून ‘दाउ’ जवळजवळ गेला. उरला एकटा ‘यू’, राणीलाही तोच आणि लहान पोरीलाही तोच. क्रियापदही जागचं हलत नाही. त्यामुळे आदराचा बराचसा भार संबोधनावर येऊन पडतो. संबोधन म्हणजे हाक मारताना किंवा पत्राच्या सुरुवातीला वापरायचा शब्द.

पुरुषांसाठी हा भार मिस्टर आणि सर हे दोन शब्द निमूटपणे उचलतात. बायकांच्या वाट्याला मात्र मिस, मिसेस, मिझ, मॅडम, मॅम, लेडी, गर्ल अशी रांग उभी आहे. या शब्दांकडे छापील फॉर्मसारखं बघा. मिस्टरच्या फॉर्मवर एकच रकाना आहे, नावाचा. मिस आणि मिसेसच्या फॉर्मवर लग्नाचा रकाना जास्तीचा आहे. गर्लवर वयाचा, लेडीवर घराण्याचा आणि वागणुकीचा, फीमेलवर शरीराचा. बाईनं न विचारता, कामाशी काडीचा संबंध नसताना, आपण तिच्या वतीनं हे रकाने भरून टाकतो. खटकतं ते नेमकं इथे. माझ्या मते आदराचा शब्द निवडण्याची कसोटी एवढीच, की कमीत कमी रकान्यांचा शब्द घ्यावा आणि बाकीचे भरायचे की नाही ते तिच्यावर सोडावं.

अजून एक फरक सुरुवातीलाच लक्षात ठेवलेला बरा. हाक मारायचे शब्द वेगळे आणि कुणाबद्दल बोलायचे शब्द वेगळे. ‘वुमन’ हा वर्णनासाठी सगळ्यात निर्धोक शब्द, पण त्याच शब्दानं कुणाला हाक मारली तर तो सरळ उर्मटपणा होतो. ‘मॅम’चं उलट. हाक मारायला चालतो, पण ‘काल एक मॅम भेटल्या’ हे इंग्रजीत बसत नाही.

मिस आणि मिसेस: एकाच आईच्या लेकी

दोन्ही शब्द ‘मिस्ट्रेस’ या शब्दाची लघुरूपं आहेत. आज त्या शब्दाला विवाहबाह्य संबंधांचा वास येतो, पण मुळात तो ‘मास्टर’चं स्त्रीरूप होता. घर, नोकरचाकर, दुकान जिच्या हुकमतीखाली ती मिस्ट्रेस. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशातही या शब्दाच्या अर्थांत हुकूम चालवणारी स्त्री आहेच. त्या काळच्या इंग्लंडमध्ये मिसेस ही उपाधी प्रतिष्ठेची होती, लग्नाची नव्हे. स्वतःचा धंदा चालवणारी अविवाहित बाई मिसेस असे. मोठ्या वाड्यातल्या कारभारणीलाही, तिचं लग्न झालेलं असो वा नसो, मिसेसच म्हणत. मिस हा शब्द लहान मुलींसाठी होता.

मग हळूहळू मिस मोठ्या अविवाहित बायकांनाही लागू लागला, मिसेस आक्रसून फक्त विवाहितांपुरता राहिला आणि दोघींच्या मध्ये लग्नाची भिंत उभी राहिली. मिस्टरचं काही बिघडलं नाही. तो लग्नाआधीही मिस्टर, नंतरही मिस्टर.

पुढची पायरी तर आणखी विचित्र. मिसेसच्या पुढे नवऱ्याचं नाव, अगदी त्याच्या आद्याक्षरांसकट. ख्रिस एव्हर्टनं १९८१ साली विम्बल्डन जिंकलं, तेव्हा तिचं लग्न ब्रिटिश टेनिसपटू जॉन लॉइडशी झालेलं होतं. विजेत्यांच्या फलकावर नाव लागलं ‘मिसेस जे. एम. लॉइड’. अंतिम सामना खेळली ती, आद्याक्षरं त्याची. पुढे ते लग्न मोडलं, फलक मात्र तसाच राहिला. २०२२ साली विम्बल्डननं फलकावरचे मिस आणि मिसेस काढले.

सामन्यातले गुण पुकारतानाही तिथे हाच प्रकार होता. पुरुष खेळाडूचं नुसतं आडनाव, बाईच्या आडनावाआधी मिस किंवा मिसेस. २०१७ साली सेरेना विल्यम्सचं लग्न झालं आणि २०१८ च्या स्पर्धेत पंच तिला ‘मिसेस विल्यम्स’ म्हणू लागले. आता, विल्यम्स हे तिचं माहेरचं आडनाव. तिच्या नवऱ्याचं आडनाव ओहानियन. म्हणजे काटेकोर जुन्या नियमानं मिसेस विल्यम्स ही तिची आई! २०१९ पासून ही पुकारण्याची पद्धत बंद झाली.

मिझ कुठून आलं?

मिझ म्हणजे लिहिताना एम आणि एस ही दोनच अक्षरं. ही उपाधी लग्नाबद्दल काहीच सांगत नाही, मिस्टरसारखीच. अनेकांना वाटतं की हे अलीकडच्या स्त्रीवाद्यांचं खूळ आहे. पण नोव्हेंबर १९०१ मध्येच मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्डच्या एका वृत्तपत्रानं ही सूचना छापली होती. त्यामागचं कारण अगदी व्यवहारी होतं. अनोळखी बाईचं लग्न झालंय की नाही हे माहीत नसताना चुकीची उपाधी लावून पंचाईत होते, त्यापेक्षा दोन्हींना चालेल असं काहीतरी असू द्या. उच्चार कसा करायचा तेही त्यात सुचवलं होतं. सूचना आली तशी विरून गेली.

त्यानंतरची गोष्ट जास्त रंजक आहे आणि ती मेरी हॅमिल्टन या एका बाईभोवती फिरते. अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीतली ही कृष्णवर्णीय कार्यकर्ती. १९६३ साली अलाबामा राज्यातल्या गॅड्सडेनच्या कोर्टात ती साक्षीला उभी राहिली. सरकारी वकील तिला नुसतं ‘मेरी’ म्हणून प्रश्न विचारू लागला. दक्षिणेकडच्या कोर्टांचा हा रिवाजच होता. गोऱ्या साक्षीदाराला मिस्टर, मिसेस, मिस. काळ्याला नुसतं पहिलं नाव, वय काहीही असो. हॅमिल्टननं उत्तर द्यायला नकार दिला. मला नीट संबोधा, मग उत्तर देते, एवढंच तिचं म्हणणं. न्यायाधीशानं कोर्टाच्या अवमानाबद्दल तिला पाच दिवसांची कैद आणि पन्नास डॉलर दंड ठोठावला. प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६४ मध्ये त्या न्यायालयानं ही शिक्षा रद्द केली. ‘मिस मेरी खटला’ म्हणून ते ओळखलं जातं.

म्हणजे ज्या मिसवर पुढे टीका झाली, ती मिस मिळवण्यासाठी एक बाई तुरुंगात जायला तयार होती. उपाधी नाकारणं हाही अपमान असतो, हे इथे लख्ख दिसतं.

आता योगायोग बघा. काही काळ याच हॅमिल्टनसोबत एका घरात शीला मायकल्स नावाची दुसरी कार्यकर्ती राहत होती. १९६१ च्या सुमारास हॅमिल्टनच्या नावानं टपालानं आलेल्या एका नियतकालिकाच्या वेष्टनावर तिला नावाआधी एम आणि एस ही अक्षरं दिसली. आधी तिला ती टायपिंगची चूक वाटली. मग ती चमकली. आपण कुणाची मुलगी किंवा कुणाची बायको म्हणून ओळखलं जाऊ नये, असा शब्द ती शोधतच होती. तिनं तो उचलून धरला, पण मैत्रिणींनाही त्याचं फारसं काही वाटलं नाही. १९६९ च्या आसपास न्यूयॉर्कच्या एका रेडिओ कार्यक्रमात ती त्याबद्दल बोलली आणि बात पसरत गेली. अमेरिकेतल्या स्त्रीवादी पत्रकार ग्लोरिया स्टायनम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१-७२ मध्ये नवं मासिक काढलं, तेव्हा त्याचं नावच ‘मिझ’ ठेवलं. तिथून हा शब्द घरोघरी गेला.

न्यूयॉर्क टाइम्स मात्र अडून बसला. १९८४ साली जेराल्डिन फेरारो उपराष्ट्रपतिपदाच्या उमेदवार झाल्या आणि वृत्तपत्राची पुरती कोंडी झाली. फेरारो हे त्यांचं माहेरचं आडनाव, नवरा झकारो. मिस फेरारो म्हणावं तर त्या विवाहित. मिसेस फेरारो म्हणावं तर ती त्यांची आई. मिसेस झकारो म्हणावं तर वाचक विचारणार, ही कोण? टाइम्सनं मिसेस फेरारो छापलं. भाषेवर त्याच वृत्तपत्रात सदर लिहिणारे विल्यम सफायर स्वतः परंपरावादी, पण त्यांनीही हात टेकले आणि आता मिझ स्वीकारा असं लिहिलं. टाइम्सला तरीही जून १९८६ उजाडावा लागला.

आज व्यावसायिक पत्रव्यवहारात बाईची पसंती माहीत नसेल तर मिझ हाच पहिला पर्याय. ती विवाहित असो, अविवाहित असो, घटस्फोटित असो. ‘मिझ म्हणजे घटस्फोटित’ हा समज साफ चुकीचा. उच्चाराचं म्हणाल तर मिसमध्ये ‘समई’तला स, आणि मिझमध्ये शेवटी ‘जवळ’मधल्या ज सारखा घोळदार आवाज. फोनवर हा फरक विरघळून जातो, पण लिहिताना अक्षरं चुकवू नका. अमेरिकी लेखनात या अक्षरांपुढे पूर्णविराम देतात, ब्रिटिश लेखनात बहुधा देत नाहीत.

सर चालतो, मग मॅडम का नाही?

चालतो, पण जागा बघून. लेखी आणि औपचारिक मजकुरात, विशेषतः पदाला जोडून, मॅडम भारदस्त आहे. बेटी बूथरॉइड १९९२ साली ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सच्या पहिल्या महिला सभापती झाल्या. त्याआधी उपसभापती असतानाच एका खासदारानं विचारलं होतं, तुम्हाला म्हणायचं काय? ‘कॉल मी मॅडम,’ त्या म्हणाल्या आणि सभागृहात हशा पिकला. हशा का, तर कुंटणखाना चालवणाऱ्या बाईलाही इंग्रजीत मॅडम म्हणतात. ब्रिटनमध्ये आगाऊ पोरीलाही ‘लिटल मॅडम’ म्हणतात. या सावल्या शब्दावर आहेत, म्हणून बोलताना नुसतं मॅडम म्हटलं की कधी ताठर, कधी खवचट वाटू शकतं. आणि हो, नावाच्या शेवटी मॅडम जोडण्याची पद्धत ब्रिटिश-अमेरिकी इंग्रजीत नाही. तिथल्या माणसाला ते ऐकून अवघडायला होतं, अपमान वाटतो असं नाही.

मॅम हे त्याचंच झिजलेलं रूप. याच्या तऱ्हा प्रदेशागणिक बदलतात. राणी एलिझाबेथ यांना भेटणाऱ्यांना सांगितलं जाई, की पहिल्यांदा ‘युवर मॅजेस्टी’ आणि नंतर ‘मॅम’, तेही ‘जॅम’शी यमक जुळेल असं. ब्रिटिश पोलिसांत महिला अधिकाऱ्याला हाच शब्द. अमेरिकेच्या दक्षिणेत मुलं आईलाही ‘येस, मॅम’ म्हणतात. त्याच देशात इतरत्र मात्र पहिल्यांदा कुणी मॅम म्हटलं की तिशीतल्या बाईचा चेहरा पडतो.

कारण पुन्हा रकाना. तरुण दिसेपर्यंत मिस, मग एके दिवशी मॅम. म्हणजे समोरच्यानं तुमचं वय जोखलं आणि तोंडावर सांगितलं. विशीतल्या पोरालाही सर आणि सत्तरीतल्या आजोबांनाही सर. मॅम हा शब्द वाईट नाहीच, बिचाऱ्याच्या शेजारी मिस उभी आहे ही त्याची अडचण आहे.

ब्रिटिश शाळांत तर जोडीच विजोड आहे. मास्तर सर, आणि बाई, मग ती दोन मुलांची आई का असेना, मिस. सर हा मूळचा नाइट झालेल्या सरदाराचा किताब, मिस हा मूळचा लहान मुलीचा शब्द. याच्या अगदी उलट ब्रिटिश शल्यचिकित्सकांचं. तिथे डॉक्टर ही उपाधी सोडून मिस्टर होणं ही बढती मानतात, त्यामुळे तिथल्या सर्जन बाईनं अभिमानानं मिस लावलं तर चक्रावून जाऊ नका.

लेडी म्हणावं की वुमन?

मराठी माणसाला लेडी हा शब्द वुमनपेक्षा सभ्य वाटतो. वुमन जरा उघडाबोडका वाटतो. इंग्रजीतही शंभर-दीडशे वर्षांपूर्वी बऱ्याच लोकांना असंच वाटायचं. लेडीचं मूळ जुन्या इंग्रजीतल्या ‘पीठ मळणारी’ या अर्थाच्या जोडशब्दात आहे. पुढे ती घरची मालकीण झाली आणि मग उमरावांची उपाधी. डायना स्पेन्सरचे वडील १९७५ मध्ये अर्ल, म्हणजे वरच्या दर्जाचे उमराव, झाले, त्या दिवसापासून ती लेडी डायना. म्हणजे लेडी शब्दात घराणं आहे, आणि त्या घराण्याला शोभेल असं वागणं आहे. हळू बोलावं, पाय जुळवून बसावं, वाद घालू नये. ‘दॅट्स नॉट लेडीलाइक’ हे वाक्य किती मुलींनी ऐकलं असेल, मोजदाद नाही.

मग लेडी वापरायचाच नाही का? तर जोडी बघा. विम्बल्डनमध्ये आजही ‘लेडीज सिंगल्स’ आहे, पण तिथेच ‘जेंटलमेन्स सिंगल्स’ही आहे. दोन्ही पारडी सारखी, म्हणून कुणाची तक्रार नाही. भाषणाच्या सुरुवातीला ‘लेडीज अँड जेंटलमेन’ याच कारणानं खपून जातं. गोल्फमध्ये मात्र अमेरिकेतल्या पुरुष व्यावसायिकांच्या संघटनेच्या नावात पुरुष हा शब्दच नाही, आणि बायकांच्या, १९५० साली स्थापन झालेल्या संघटनेचं नाव ‘लेडीज’नं सुरू होतं. टेनिसपटू बायकांनी १९७३ मध्ये संघटना काढली तेव्हा नाव घेतलं ‘विमेन्स’. तेवीस वर्षांत वारं कुठल्या दिशेला फिरलं ते या दोन नावांत दिसतं.

‘लेडी डॉक्टर’ हा प्रकार तर टाळाच. ‘जेंटलमन डॉक्टर’ कुणी म्हणत नाही. डॉक्टर म्हटल्यावर पुरुषच, बाई असली तर विशेष नोंद, असा त्याचा सूर. ती बाई आहे हे सांगणं खरंच गरजेचं असेल, उदाहरणार्थ रुग्णाला महिला डॉक्टरच हवी असेल, तर ‘फीमेल डॉक्टर’ किंवा ‘वुमन डॉक्टर’. नसेल तर नुसतं डॉक्टर. ‘पोएटेस’ असले शब्द याच कारणानं मोडीत निघाले, आणि ‘एअर होस्टेस’चा ‘फ्लाइट अटेंडंट’ झाला. ‘ॲक्ट्रेस’ अजून तग धरून आहे. ऑस्करमध्ये तो आहे, अनेक अभिनेत्रींना मात्र नुसतं ‘ॲक्टर’ आवडतं.

फीमेलमध्ये काय खटकतं?

विशेषण म्हणून काहीच नाही. ‘फीमेल व्होटर्स’, ‘फीमेल पायलट’ हे शुद्ध इंग्रजी आहे. नाम म्हणून वापरला की गडबड होते. ‘टू फीमेल्स वेअर वेटिंग’ या वाक्यात दोन बायका होत्या की दोन हत्तिणी, हे शब्दावरून कळत नाही. वुमन फक्त माणसाला लागतो, फीमेल कुठल्याही प्राण्याला.

ही तक्रार आजकालची नाही. न्यूयॉर्क राज्यात १८६१ साली ‘व्हासर फीमेल कॉलेज’ स्थापन झालं. तेव्हा फीमेल हा सभ्य, नाजूक शब्द समजला जायचा. बायकांच्या एका मोठ्या मासिकाच्या संपादक सारा जोसेफा हेल यांनी त्यावर झोड उठवली, की हा शब्द जनावरांनाही लागतो, तो कॉलेजच्या नावात कशाला? १८६७ मध्ये कॉलेजच्या नावातून तो गेला. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातल्या, १८५० पासून चालू असलेल्या फीमेल मेडिकल कॉलेजनंही नाव बदलून ‘वुमन्स मेडिकल कॉलेज’ केलं.

पोलिसांच्या अहवालात आणि केसपेपरवर ‘फीमेल, ३४’ असं आजही लिहितात, आणि तिथे ते ठीक आहे, कारण शेजारच्या कागदावर ‘मेल, ४०’ असतं. पंचाईत ‘मेन अँड फीमेल्स’ या जोडीत आहे. पुरुष माणसं, आणि बायका नमुने.

हेतू चांगला असेल तर शब्दानं काय बिघडतं?

पुष्कळदा काही बिघडत नाही. समोरची बाई समजूतदार असते, परक्या भाषेत बोलणाऱ्याला ती सूट देते. पण हेतू आपल्या पोटात असतो, तिला ऐकू येतो तो शब्द. पहिल्याच मेलमध्ये, जिथे चेहरा नाही, आवाज नाही, तिथे हेतू पोचवायला शब्दाखेरीज दुसरं साधनही नसतं.

याच्या पोटात एक दुसरा आक्षेप दडलेला असतो. आज मिझ, उद्या आणखी काही, मग शिकायचं तरी किती? तर हे खरंच आहे, बायकांसाठीचे इंग्रजी शब्द फार लवकर नासतात. चांगल्या अर्थाचा शब्द हळूहळू हलक्या अर्थाला उतरतो, याला भाषाशास्त्रात अर्थापकर्ष म्हणतात. मास्टर आजही निष्णात, मिस्ट्रेस मात्र ठेवलेली बाई. गव्हर्नर राज्य चालवतो, गव्हर्नेस मुलं सांभाळते. निर्लज्ज बाई या अर्थाचा ‘हसी’ हा शब्द मूळचा ‘हाउसवाइफ’च आहे. ‘स्पिन्स्टर’ म्हणजे सूत कातणारी, कष्टाची कमाई खाणारी. तो पुढे लग्नाविना राहिलेल्या बाईचा टोमणा झाला. पुरुषाच्या ‘बॅचलर’ला असा डाग कधी लागला नाही. इंग्लंडमधल्या विवाहनोंदणीत हे दोन्ही शब्द थेट २००५ च्या डिसेंबरपर्यंत चालू होते, आता दोघांनाही ‘सिंगल’ लिहितात.

शब्द नासतो तो आपोआप नाही, माणसं त्या शब्दाच्या मालकिणीकडे कशी बघतात त्यावरून नासतो. म्हणून यादी पाठ करण्यापेक्षा जोडीची परीक्षा जास्त टिकाऊ आहे. वाक्यात बाईच्या जागी पुरुष ठेवा आणि त्याला लावायचा शब्द तितक्याच वजनाचा राहतो का ते बघा.

बायका स्वतःच एकमेकींना ‘गर्ल्स’ म्हणतात ना?

म्हणतात, आणि खुशाल म्हणोत. साठीतल्या मैत्रिणी सहलीला निघाल्या की ‘गर्ल्स’च असतात. पण साहेबानं चाळीस वर्षांच्या सहकारी बाईची ओळख ‘द गर्ल फ्रॉम अकाउंट्स’ अशी करून दिली, तर तिचा अनुभव, हुद्दा, सगळं एका शब्दात पुसलं. तिच्याच टेबलावरच्या पुरुषाला तो ‘बॉय’ म्हणणार नाही. अमेरिकेत तर प्रौढ काळ्या माणसाला ‘बॉय’ आणि काळ्या मोलकरणीला ‘गर्ल’ म्हणण्याचा जुना, कडवट इतिहास आहे, त्यामुळे तिथे हा शब्द दुप्पट जपून. आपसातला शब्द बाहेरच्यानं उसना घ्यायचा नसतो, एवढं तर कुठल्याही भाषेत कळतं. ‘डिअर’, ‘स्वीटहार्ट’, म्हाताऱ्या बाईला लाडानं ‘यंग लेडी’ हे त्याच माळेचे मणी. पत्राच्या सुरुवातीचा, नावाआधीचा ‘डिअर’ अर्थातच वेगळा.

मग तो मेल पूर्ण कसा करायचा?

आधी तिच्या नावाखालची सही वाचा. तिथे डॉक्टर किंवा प्रोफेसर असेल तर तेच वापरा, ही उपाधी मिझच्याही वरची आहे. पुरुषांना डॉक्टर आणि त्याच मेलमध्ये बाईंना मिसेस, ही चूक भल्याभल्या विद्वानांच्या निमंत्रणपत्रिकांत सापडते. उपाधी काहीच नसेल तर मिझ आणि पुढे आडनाव. मिझच्या पुढे नुसतं पहिलं नाव लावू नका. तिनं स्वतः मिसेस लिहिलं असेल तर बिनदिक्कत मिसेस. तो रकाना तिनं भरलाय, तुम्ही नाही.

नावावरून बाई की पुरुष हे कळत नसेल तर अंदाज बांधत बसू नका. ‘डिअर’ आणि पूर्ण नाव, काम झालं. काहींना स्त्री-पुरुष यातली कुठलीच उपाधी नको असते. त्यांच्यासाठी एम-एक्स अशी, ‘मिक्स’ किंवा ‘मक्स’ उच्चाराची उपाधी आहे. १९७० च्या दशकापासून ती अधूनमधून दिसते आणि २०१५ मध्ये ऑक्सफर्डच्या कोशात गेली. आपणहून कुणाला लावायची नाही, कुणी लावली असेल तर मानायची.

अनेकांना एकदम लिहायचं असेल तर ‘डिअर सर्स’ सोडा, ‘डिअर ऑल’ पुरे. लंडनच्या भुयारी रेल्वेनं २०१७ मध्ये ‘लेडीज अँड जेंटलमेन’ ही उद्घोषणा बंद करून ‘एव्हरीवन’ सुरू केलं. आणि बाईंचं उत्तर आलं, खाली त्यांनी नुसतं पहिलं नाव लिहून सही केली असेल, तर ती परवानगी समजायची. पुढच्या मेलला ‘डिअर’ आणि ते नाव.